भाच्याला पायलट व्हायचंय, दाजी बाग विकायला निघालेत. थांबवू का?

मुक्काम_पोस्ट:
मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा भाचा यंदा बारावी सायन्सला आहे. आठवीपासून पोरगं आकाशाकडे बघत चालतं, त्यापायी दोनदा ओढ्यात पडलंय. महिन्यापूर्वी सांगलीत एका हॉटेलात पायलट ट्रेनिंगचं 'मोफत मार्गदर्शन' होतं. ताई, दाजी आणि हा, तिघं गेले ते परत येताना तिघंही हवेत. पडद्यावरचे आकडे दाजींना तोंडपाठ झालेत. इंडिगोने २०२३ मध्ये एका दमात ५०० विमानं मागवली, एअर इंडियाने त्याच वर्षी ४७०, अकासाने २०२४च्या जानेवारीत १५०. देशाला पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ३०,००० वैमानिक लागतील असं खुद्द मंत्री म्हणालेत. मग तिथल्या कोटवाल्या वक्त्याने दाजींना विचारलं, "काका, तीस हजारांत तुमचा एक बसणार नाही का?"

खर्च साठ लाख, टाइप रेटिंगचे (एका ठरावीक जातीचं विमान उडवायच्या प्रशिक्षणाचे) वेगळे. दाजींची तासगावकडे दीड एकर द्राक्षबाग आहे. गिऱ्हाईकही बघून ठेवलंय. ताईचा फोन आला, "तूच सांग बाबा यांना काय ते." मी पडलो पंचायत समितीतला कारकून, जन्मात तीनदा विमानात बसलोय. आकडे तपासले, खोटे नाहीत. तरी पोटात कालवतंय. जाणकारांनी बोला.

खिडकीची_जागा:
धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्याकडेही एक ओढ्यात पडणारं आहे.

कोरडवाहू:
बाग विकू नका. खालचे प्रतिसाद वाचायची गरज नाही.

हिशेबनीस:
कोरडवाहू, इतकं एका ओळीत उडवू नका हो. मागणी आहे की नाही ते कागदावर मांडून बघू.

मधल्या पल्ल्याचं एक विमान दिवसाला साडेबारा तास उडतं असं धरा. वर्षाचे झाले साडेचार हजार तास. पुढे दोघं बसतात, म्हणजे नऊ हजार. एका वैमानिकाला डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) नियमाने वर्षात १,००० तासांच्या वर उडता येत नाही. रजा, आजारपण, सिम्युलेटरच्या चाचण्या वजा जाता हाती येतात साडेआठशे. भागाकार करा, एका विमानामागे दहा-अकरा माणसं. लांब पल्ल्याच्या विमानाला याच्या दुपटीहून जास्त. आता मागवलेल्या विमानांना गुणा. विमानं टप्प्याटप्प्याने येणार, जुनी जाणार, हे सगळं धरूनही आकडा मोठाच येतो. कोटवाला खोटं बोलला नाही.

शिवाय विश्रांतीचे नियम कडक झालेत. आठवड्याची सलग सुट्टी ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्रीच्या उतरण्या सहावरून दोनवर आल्या. तेवढ्याच फेऱ्यांना आता जास्त माणसं लागतात. डिसेंबर २०२५ मध्ये हजारो उड्डाणं रद्द झाली, लोक विमानतळावर बॅगांवर झोपले, त्यामागे हेच गणित होतं.

कोरडवाहू:
गणित झकास. पण बाजारात कांद्याला मागणी आहे म्हणून माझाच कांदा विकला जातो असं नाही, हे तुम्हाला कोणी सांगायचं?

टेलविंड:
कोरडवाहूंनी नेमकं बोट ठेवलं. मी तो न विकलेला कांदा.

माझ्याकडे सीपीएल आहे, म्हणजे २०० तास उडल्यावर मिळणारं व्यावसायिक पायलटचं लायसन्स. मल्टि-इंजिन, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता नुसत्या उपकरणांवर उडवायची परवानगी), सगळं आहे. लायसन्स मिळून वीस महिने झाले आणि मी सध्या पुण्यात मित्राच्या गोदामात माल उतरवून घेतो. शाळेचं नाव सांगणार नाही, सांगून उपयोगही नाही, अशा बऱ्याच आहेत. मला सांगितलं होतं चौदा महिने. लागले एकतीस.

का लागले? माहितीपत्रकात विमानं नऊ. मी गेलो तेव्हा उडत होती तीन. एक प्रोपेलरची वाट बघत उभं, एकाचं इंजिन ओव्हरहॉलला गेलेलं, दोघांचे सुटे भाग काढून तिसऱ्याला लावलेले. त्या तीन विमानांवर आम्ही सत्तर पोरं. सकाळी साडेपाचला हँगरपाशी जायचं, फळ्यावर आपलं नाव शोधायचं. नाव असलं तर वारा नडायचा, वारा पडला तर विमान बंद, विमान सुरू झालं तर इन्स्ट्रक्टर आलेला नाही. जून ते सप्टेंबर तर बोलायलाच नको. एकदा सलग सव्वीस दिवस मी जमिनीवर होतो. इतके दिवस गेले की हाताची सवय मोडते, मग पुन्हा इन्स्ट्रक्टरबरोबर तास काढायचे. त्याचे पैसे कोणी भरायचे? ज्याची सवय मोडली त्याने.

आणि लायसन्स मिळालं म्हणून मीटर थांबत नाही. क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटची वैद्यकीय तपासणी, दरवर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी. नोकरी नसताना ते जिवंत ठेवायचं म्हणजे दारात न चालणारा ट्रॅक्टर ठेवून त्याचा विमा भरत राहण्यासारखं आहे.

बोरूबहाद्दर:
टेलविंड, वाचून वाईट वाटलं. एक शंका. एसटीत ड्रायव्हर घेतानासुद्धा अवजड गाडीचा अनुभव मागतात. इथे २०० तासांवर पोराला डायरेक्ट एअरबस देतात? मग मी रेल्वेनेच जातो.

रात्रपाळी:
मी एका विमान कंपनीत कमांडर, म्हणजे कॅप्टन आहे. बोरूबहाद्दर, रेल्वेने जा, पण कारण चुकीचं आहे.

२०० तास हे सीपीएलसाठी. त्यातले १०० पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, आणि त्यात ३०० नॉटिकल मैलांची एक फेरी, वाटेत दोन वेगळ्या धावपट्ट्यांवर उतरून. त्यानंतर कंपनीत आलं की टाइप रेटिंग. आधी वर्ग, मग सिम्युलेटर. तिथे आम्ही त्याचं इंजिन बंद पाडतो, आग लावतो, हायड्रॉलिक काढून घेतो, पहाटे तीनला. त्यातून निघाला की रिकाम्या विमानाने प्रत्यक्ष उतरण्या. मग प्रवासी घेऊन, पण शेजारी लाइन ट्रेनिंग कॅप्टन बसलेला. हे सगळं झाल्यावर तो उजव्या सीटवरचा फर्स्ट ऑफिसर होतो. डावी, म्हणजे कॅप्टनची सीट अजून कित्येक वर्षं लांब असते.

आता मूळ मुद्दा. 'वैमानिक कमी आहेत' हे वाक्य अर्धं आहे. कमी आहेत ते कमांडर. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टनला लागणाऱ्या लायसन्सला, कायद्याने १,५०० तास लागतात, कंपन्या डावी सीट देताना त्याहून बरेच जास्त बघतात. नवीन विमान आलं की एक कॅप्टन आणि एक फर्स्ट ऑफिसर लागतो. कॅप्टन बाजारात मिळत नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीतून ओढतात. म्हणूनच २०१७ पासून आम्हाला नोकरी सोडताना वर्षभराची नोटीस आहे, फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची. दुसरीकडे २००-तासवाले दाराशी रांग लावून उभे. २०२३ मध्ये देशात १,६२२ सीपीएल दिली गेली. सगळ्यांना त्याच वर्षी सीट मिळाली नाही. त्यात मे महिन्यात एक कंपनी बंद पडली आणि तिचे तयार, टाइप रेटेड वैमानिक याच रांगेत पुढे येऊन उभे राहिले.

खिडकीची_जागा:
म्हणजे टंचाई पण आहे आणि बेकारी पण आहे?

रात्रपाळी:
हो. एकाच इमारतीत, वेगवेगळ्या मजल्यांवर.

धावपट्टी_०९:
मी अकरा वर्षं इन्स्ट्रक्टर आहे. तुमच्या इमारतीचा जिना आम्ही.

सगळे विमानं मोजतात, शिकवणारे कोणी मोजत नाही. तरुण पोरगा इन्स्ट्रक्टर होतो तो तास जमवायला. कंपनीचं बोलावणं आलं की दुसऱ्या दिवशी बॅग भरून जातो. त्याची चूक नाही, तिकडे पगार कितीतरी पट. पण त्याच्याकडची बारा पोरं अर्ध्या वाटेत राहतात. विमान वाहतूक जितकी वाढते तितकी शाळा रिकामी होते, आणि तेव्हाच शाळेत गर्दी सर्वात जास्त असते. टेलविंडचे एकतीस महिने यातच गेले असणार.

बाकी या धंद्याबद्दल सगळे खर्चाचंच बोलतात म्हणून थोडं दुसरंही. सकाळी सेसनाच्या, म्हणजे शिकायच्या छोट्या विमानाच्या, पंखाखाली वाकून पोरगं टाकीतलं थोडं इंधन नळीत काढतं आणि उजेडासमोर धरतं. हे १००एलएल इंधन निळसर असतं. तळाशी पाण्याचा थेंब असला तर वेगळा दिसतो. पहिल्या आठवड्यात नुसतं सोपस्कार म्हणून बघतात. मग एक दिवस खरंच थेंब दिसतो आणि पोराचा चेहरा बदलतो. त्या दिवसापासून ते पायलट व्हायला लागतं असं मी मानतो. पहिल्या सोलोला, म्हणजे पोरगं पहिल्यांदा एकटं उडतं तेव्हा, मी उतरून दार लावतो, माझं वजन गेल्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर उचलतं, आणि पोरं दचकतात. खाली आलं की अंगावर ओतायला पाण्याची बादली तयार असते. डिसेंबरातसुद्धा.

पाटीपेन्सिल:
वा, काय लिहिलंय!

बोरूबहाद्दर:
अवांतर: ते 'पी-फिफ्टीवन' तास काय प्रकार आहे? शेजारचा पायलट पोरगा हसत हसत सांगत होता.

धावपट्टी_०९:
पार्कर ५१ नावाचं पेन होतं. उड्डाण न करता लॉगबुकात नुसत्या पेनाने भरलेले तास म्हणजे पी-५१ तास. पी-५१ नावाचं एक लढाऊ विमानही होतं, म्हणून विनोद. २०११ मध्ये आपल्याकडे बनावट गुणपत्रिका दाखवून लायसन्स घेतल्याची प्रकरणं उघडकीस आली, तेव्हा शाळांच्या लॉगबुकांचीही झडती झाली. हसण्यासारखं नाही, पण शब्द टिकून आहे.

कोरडवाहू:
आमच्याकडे रोजगार हमीच्या हजेरीपटावर पण हेच विमान उडायचं.

आजीचा_चष्मा:
पैसे नंतर, आधी मेडिकल! माझ्या चुलतभावाने शाळेत बारा लाख भरले, टाय शिवला, गॉगल घेतला. मग क्लास वनला ठिपक्यांचं पुस्तक पुढे ठेवलं. सगळ्यांना ७४ दिसतो तिथे त्याला २१. रंगांधळा. एकवीस वर्षं घरात कोणाला पत्ता नव्हता, आईला वाटायचं पोराला शर्टाची आवड नाही. बारापैकी परत मिळाले चार.

चष्मा असला तर मात्र घाबरू नका. चष्म्याने नजर नीट होत असेल तर चालतं.

सरळमार्गी:
कॉमर्सवाल्यांचं काय? मुलगी बी.कॉम. करतेय आणि हा धागा वाचून दाखव म्हणाली.

टेलविंड:
बारावीचं फिजिक्स आणि मॅथ्स मागतात. आमच्या बॅचला चार कॉमर्सचे होते, मुक्त विद्यालयातून ते दोन विषय काढून आले. त्यातला एक नेव्हिगेशनमध्ये आम्हा सगळ्यांच्या पुढे.

आणि मुलगी आहे म्हणून कोणी नाक मुरडलं तर सांगा, आपल्याकडे पायलटांत बायकांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे.

पाटीपेन्सिल:
मुलींवरून आठवलं. कॅप्टन सौदामिनी देशमुख! १९८५ मध्ये कलकत्ता ते सिल्चर, फोकर विमान, सगळा चमू बायकांचा आणि कमांडर आपली मराठी बाई. आमच्या बाईंनी वर्गात बातमी वाचून दाखवली होती. आम्ही तिघी-चौघी त्या दिवशी पायलट झालो होतो. संध्याकाळी घरी भांडी घासताना उतरलो.

गुगली:
ड्रोन पायलट करा त्याला. लायसन्स आठवड्याभरात, पाय जमिनीवर, बागेवर औषधही मारून होईल. दाजी खूश, ताई खूश.

मुक्काम_पोस्ट:
गुगली, हे मी भाच्याला बोललो. दोन दिवस त्याने माझ्याशी अबोला धरला.

हिशेबनीस:
माझ्या आधीच्या हिशेबात एक बाजू राहिली, ती कर्जाची. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक बहुधा तारण मागते. म्हणजे बाग विकली काय आणि गहाण टाकली काय, अडकते तीच. पण फरक आहे. विकलेली बाग परत येत नाही, गहाण टाकलेली सुटू शकते. आणि हप्ता नोकरीची वाट बघत थांबत नाही. मुक्काम_पोस्ट, दाजींना विचारा, लायसन्स मिळाल्यावर दोन वर्षं नोकरी नाही असं धरून घर चालेल का? चालत असेल तर पुढे बोलू.

परदेशी_पाहुणा:
दुसरी बाजू मांडतो. मी दक्षिण आफ्रिकेत केलं. दहा महिन्यांत दोनशे तास झाले, कारण हवा बरी आणि विमानं चालू. इथे येऊन लायसन्स बदलून घ्यायला रेग्युलेशन आणि नेव्हिगेशन-हवामानाचा एकत्र पेपर द्यावा लागला, तपासणी उड्डाण करावं लागलं. त्यात सात महिने गेले, पण बारा-पंधरा महिने वाचलेच. आज मी उजव्या सीटवर आहे. सगळेच कांदे सडत नाहीत. फक्त माझ्या वडिलांची पेन्शन होती आणि घर नावावर होतं, हेही सांगायला हवं.

कॅडेट प्रोग्रॅमही बघा. कंपनी आधीच परीक्षा घेऊन निवडते, शाळा ठरवून देते, पुढे सीट देण्याची शक्यता बरीच. खर्च कोटीच्या घरात जातो, आणि करार बारीक अक्षरात वाचा. नोकरीची 'हमी' आणि नोकरीची 'इच्छा' हे दोन शब्द त्यात वेगवेगळ्या पानांवर असतात.

रात्रपाळी:
परदेशी_पाहुणा यांच्याशी सहमत. मी नको म्हणत नाहीये. मी स्वतः २०१९ मध्ये कंपनी बंद पडून दीड वर्ष घरी बसलो होतो, दोन मुलं शाळेत, तरी परत आलो. या धंद्याला भरती-ओहोटी आहे. कोटवाल्याने पंधरा-वीस वर्षांचा आकडा सांगितला. पोराला मात्र लायसन्स मिळालं त्या वर्षीची भरती लागते.

धावपट्टी_०९:
मुक्काम_पोस्ट, तुम्हाला फुकटचा एक उपाय सांगतो. शाळा ठरवण्याआधी तिथे न सांगता जा. ऑफिसात जाऊ नका. धावपट्टीच्या कुंपणाबाहेर सकाळी सहा ते अकरा बसा, डबा घेऊन. उभी किती, उडतात किती, वहीत लिहा. दोन वेगळ्या दिवशी जा. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए शाळांना श्रेणी देते, ती यादीही बघा. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही नाव नव्हतं, यावरून काय ते समजा. पण यादीपेक्षा कुंपण खरं बोलतं.

आणि दरम्यान पोराला रिकामा ठेवू नका. क्लास टू मेडिकल, मग क्लास वन. डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर (परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक) काढा. हवामान, नेव्हिगेशन, रेग्युलेशन हे पेपर घरी अभ्यास करून देता येतात, पासाला ७० टक्के लागतात. एक छदाम शाळेत न भरता तो वर्षभर गुंतेल. त्यात टिकला तर बागेचं बोला.

कोरडवाहू:
हे पटलं. माझा पहिला प्रतिसाद मागे घेत नाही, पण थोडा सरकवतो.

मुक्काम_पोस्ट:
तीन आठवड्यांनी येतोय. आधी सगळ्यांचे आभार. टेलविंड, तुमचा प्रतिसाद दाजींना मोठ्याने वाचून दाखवला. 'न चालणाऱ्या ट्रॅक्टरचा विमा' इथे ते थांबले आणि म्हणाले, परत वाच.

गिऱ्हाइकाला तूर्त 'छाटणीनंतर बघू' असं सांगितलंय. क्लास टू झालं. चष्मा लागला, पाऊण नंबर, पण पास. ठिपक्यांच्या पुस्तकात त्याला ७४च दिसला. आजीचा_चष्मा, तो बाहेर येईपर्यंत ताई तुमच्या चुलतभावाचंच नाव घेत होती. क्लास वनची तारीख पुढच्या महिन्यात.

आणि कुंपण. मी, दाजी आणि भाचा, तिघं गेलो. जागेचं नाव सांगत नाही. पहाटे तीनला निघालो, ताईने भाकरी आणि ठेचा बांधून दिला. बाभळीखाली सतरंजी टाकून बसलो. सहा ते अकरा. उभी होती आठ. उडाली दोन, त्यातलं एक अर्ध्या तासात परत येऊन उभं राहिलं ते राहिलंच. भाचा वहीत लिहीत होता. आठ वाजता त्याने पेन खाली ठेवलं. मला वाटलं पोरगं खचलं. तर उरलेलं एक विमान उतरायला येत होतं, आणि हा गुडघ्यावर बसून हाताने हळूहळू वर ओढल्यासारखं करत होता, जणू दांडा याच्याच हातात आहे. चाकं टेकली तेव्हा श्वास सोडला. दाजींनी ते बघितलं. मला काही बोलले नाहीत, नुसती भाकरी पुढे केली.

परत येताना गाडीत दाजी एवढंच म्हणाले, "ही शाळा नको."

टेलविंड:
'ही' म्हणाले ना? मग झालं.

धावपट्टी_०९:
छान केलंत. उभ्या आठांपैकी किती प्रोपेलरशिवाय होती? टायर बसलेली किती? पंखावर धुळीचा थर दिसतो लांबूनही. नुसतं उभं असणं आणि मरून पडलेलं असणं यात फरक आहे.

मुक्काम_पोस्ट:
हे मोजलं नाही. दुसऱ्या शाळेला रविवारी जातोय, दाजी शेजाऱ्याकडून दुर्बीण मागून आणतायत.